कोठीचे सहा खांब

नांदेडहून आगगाडीने हैदराबादेस काचीगुडा स्थानकावर उतरले की कोठी फारशी दूर नाही. इस्पितळ, मुलांचे शिक्षण, लग्नाची खरेदी अशा निमित्तांनी नांदेड-लातूरकडील आम्ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजारातून हिंडलो. परंतु ज्या वास्तूवरून त्या भागाला हे नाव पडले, तिच्याकडे थांबून पाहणारे आमच्यात थोडेच.

ही ब्रिटिश रेसिडेंटची कोठी. जेम्स कर्कपॅट्रिक याने 1803 च्या सुमारास ती बांधावयास घेतली. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील लेफ्टनंट सॅम्युएल रसेल याचा. खर्च मात्र निजामाचा. उत्तरेस सहा उंच खांबांची देवडी, पायऱ्यांशी दोन सिंह, उन्हाळ्याच्या मुलखाला मानवणारी उंच छते. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या खानदानी घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता. तिच्यासाठी आवारात रंगमहाल उभारला होता. तो पुढे पाडण्यात आला. कर्कपॅट्रिकही 1805 साली कलकत्त्यास वारला. या प्रेमकथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे.

आमच्या मुलखाची कथा मात्र निराळी. हिंगोली, मोमिनाबाद येथे छावण्या असलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च निजामावर लादलेला होता. तो थकत गेला. 1853 साली रेसिडेंट कर्नल लो याने त्या कर्जापोटी तह करवून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात घेतला. लातूर 1982 पर्यंत ज्या जिल्ह्यात मोडत होते, तोच हा धाराशिव जिल्हा!

17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रोहिल्यांसह याच कोठीवर हल्ला चढविला. दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले, कोठी वाचली. त्या निष्ठेचे बक्षीस म्हणून 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. कर्जापोटी गेलेला मुलूख बक्षीस म्हणून परतला. तेथील कुणब्याला जाताना कोणी विचारले नाही, परतताना तर नाहीच.

1947 साली रेसिडेंट गेले, 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली. 1949 मध्ये कोठीत मुलींचे महाविद्यालय आले. पुढे इमारत इतकी खिळखिळी झाली की 2002 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातले. त्यानंतर तिची डागडुजी झाली. आज त्या आवारात महिला विद्यापीठ आहे, आणि एके काळी रेसिडेंटची बग्गी जेथे थांबे तेथून मुली वर्गाला जातात.