लिंबाची फोड

सन १८९६ च्या जानेवारीत कोलंबोहून मुंबईस आलेल्या ‘रोझेटा’ नावाच्या आगबोटीवर एक साठ वर्षांचा अमेरिकन गृहस्थ होता. झुपकेदार मिशा, विस्कटलेले केस आणि खोकल्याने बेजार झालेली छाती. बरोबर पत्नी आणि एक मुलगी. बोट जुनी झालेली, आतले सामानसुमान कळाहीन. पण रात्रीच्या जेवणाला सारे उतारू जणू धर्मकृत्य असल्याप्रमाणे ठेवणीतला पोशाख करून बसत. आणि गंमत अशी की, दुपारी चारच्या चहाबरोबर लिंबाची एक फोड हवी असली, तर बारवर सही करून चिठ्ठी पाठवावी लागे. म्हणजे ती खात्यावर पडणार! ज्या मुलखात लिंबे कवडीमोलाने मिळतात, त्या मुलखातल्या समुद्रावर ही कथा.

हा गृहस्थ म्हणजे मार्क ट्वेन. सिडनीहून कोलंबोपर्यंत तो त्याच कंपनीच्या ‘ओशियाना’ बोटीने आला होता. तिचे ऐसपैस डेक आणि मोठ्या खोल्या यांची त्याने मनापासून तारीफ केली. ‘रोझेटा’ची मात्र गय केली नाही. बोटीची लांबी-रुंदी तर कोणीही सांगेल. पण लिंबाच्या फोडीवरून मालकाची दानत ओळखायला अनुभवी उतारूच लागतो. ट्वेनला हा अनुभव कोठे मिळाला, हे सांगायचे तर मागे जायला हवे. कारण कामधंद्यासाठी नव्हे, तर निव्वळ मौजेसाठी समुद्रावर महिनेच्या महिने काढण्याची कल्पना ज्या काळात मूळ धरीत होती, त्या काळातला तो उतारू होता.

तत्पूर्वी समुद्रप्रवास ही शिक्षाच मानली जाई. व्यापारी, सैनिक, पाद्री हे नाइलाजाने बोटीत बसत. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने एक युक्ती केली. कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज लेखक थॅकरे याला तिने भूमध्य समुद्रातून कैरोपर्यंतच्या फेरीचे तिकीट फुकट दिले. थॅकरेला विचार करायला दोन दिवसही नव्हते, पण तो गेला, आणि १८४६ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पुस्तक त्याने अर्पण केले ते बोटीच्या कप्तानाला! पुस्तक गोड आहे, त्यात शंका नाही. परंतु फुकट जेवलेल्या पाहुण्याने आमटी खारट असल्याचे कसे सांगावे? कार्लाइलला हा प्रकार मुळीच रुचला नाही. नावेतल्या उतारूंपुढे पैशापैशासाठी वाजवीत फिरणाऱ्या आंधळ्या वादकाची उपमा त्याने थॅकरेला दिल्याचे सांगतात. उपमा जरा क्रूरच आहे. पण बोटीच्या मालकाचे मीठ खाऊन बोटीची परीक्षा करता येते काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ट्वेनच्या वाट्याला हा प्रश्न आला तो थोडा निराळ्या रूपात. १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये एक छापील पत्रक निघाले. ‘क्वेकर सिटी’ नावाची, बाजूला चाके असलेली आगबोट युरोप आणि पवित्र भूमीच्या सफरीस जाणार. भाडे १२५० डॉलर. किनाऱ्यावरच्या खर्चास रोज पाच डॉलर पुरेत, पण ते सोन्याच्या नाण्यात. दीडशे उतारूंची सोय आहे, पण वाटेल त्याला प्रवेश नाही. अर्ज समितीपुढे जाईल. शिवाय सुप्रसिद्ध धर्मोपदेशक बीचर आणि सेनापती शर्मन हे सहप्रवासी म्हणून येणार, असा गाजावाजा झाला होता. हे पत्रक ट्वेनने आपल्या पुस्तकात जवळजवळ जसेच्या तसे छापले आहे आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. बंदरात साथीचा रोग असल्यास ते बंदर गाळून दुसरे घेतले जाईल. सर्व उतारूंचे एकमत झाल्यास मार्ग बदलता येईल. किनाऱ्यावर न उतरता बोटीतच राहिल्यास जादा आकार नाही. पुढच्या काळातल्या सफरींच्या करारांचे बीज या कलमांत दिसते. बंदर बदलण्याचा हक्क मालकाने पहिल्या दिवसापासूनच आपल्या हाती ठेवला होता.

मी शाळामास्तर. सहलीचे पत्रक वर्षानुवर्षे मीच लिहीत आलो आहे, म्हणून या पत्रकाच्या लेखकाविषयी मला आतून सहानुभूती वाटते. ‘रायगड व जंजिरा, एका दिवसात’ असे मीही एकदा लिहून बसलो होतो. मुलांनी जंजिरा पाहिला तो किनाऱ्यावरून, अंधारात.

‘क्वेकर सिटी’चेही तसेच झाले. बीचर आले नाहीत, शर्मनही आले नाहीत. दीडशेच्या निम्म्याच्या आसपास उतारू जमले आणि त्यांतले बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, प्रार्थनेची आवड असलेले. ८ जूनला बोट धक्क्यावरून सुटली आणि वादळामुळे बंदराच्या तोंडाशीच दोन दिवस नांगर टाकून उभी राहिली. डेकवर नाचाचा बेत ठरला, तर बोट कलंडली की सारी नाचणारी मंडळी घसरत कठड्याकडे जात. तो बेत लवकरच बारगळला. आरंभी रोज रात्री वीस-तीस जण टेबलाभोवती बसून मोठ्या निष्ठेने रोजनिशी लिहीत. थोड्याच दिवसांत वह्या मिटल्या. दीर्घ सफर आखणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: मोकळा वेळ ही वस्तू पत्रकात जितकी लोभस दिसते, तितकी ती अंगी लागत नाही. ग्रीसच्या किनाऱ्यावर बोट विटाळशीसारखी बाजूला बसवण्यात आली. साथीच्या भीतीने कोणालाही उतरू देईनात. तेव्हा ट्वेन आणि तीन सोबती रात्री चोरून उतरले आणि चांदण्यात अथेन्सची टेकडी चढले. त्या पुस्तकातली ती सर्वांत सुंदर रात्र आहे. कार्यक्रमात तिचा उल्लेखही नव्हता. ऑगस्टमध्ये याल्टा येथे रशियाच्या झारने या मंडळींना भेट दिली, तेही असेच अवचित.

ट्वेनचे भाडे भरले होते सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वृत्तपत्राने, पत्रे लिहिण्याच्या अटीवर. म्हणजे त्याच्याही खिशाला झळ नव्हतीच. पण तो बोटवाल्यांचा पाहुणा नव्हता, वाचकांचा नोकर होता. नोव्हेंबरात बोट परतताच त्याने न्यूयॉर्कच्या एका पत्रात या सफरीची तुलना प्रेताशिवाय निघालेल्या अंत्ययात्रेशी केली. सहप्रवाशांना राग येणे स्वाभाविकच होते. १८६९ मध्ये त्याच पत्रांतून तयार झालेले पुस्तक निघाले आणि ट्वेन देशभर गाजला.

यानंतर मौजेच्या सफरीचे कसबात रूपांतर केले ते एका जर्मन माणसाने. आल्बर्ट बालिन हा हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा कर्ता पुरुष. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळतो, उतारू घटतात आणि लाखमोलाची जहाजे धक्क्याला बांधून ठेवावी लागतात. हे त्याला बघवेना. २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली. बालिन स्वतः सपत्नीक बोटीवर होता. मालकाने आपल्याच बोटीतून जाणे आणि तेही भर हिवाळ्यात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सफर यशस्वी झाली. पण ही बोट अटलांटिकच्या ये-जा करणाऱ्या उतारूंसाठी बांधलेली. तेव्हा बालिनने खास मौजेचेच जहाज बांधविले. ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ १९०० साली पाण्यात उतरली. फक्त पहिला वर्ग, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारी खोलीसुद्धा! अशा बोटीवर लिंबाच्या फोडीसाठी चिठ्ठी लागली नसावी.

१६ डिसेंबर १९०६ च्या रात्री जमेकाच्या किनाऱ्याजवळ कप्तानाने एका दीपगृहाला दुसरे दीपगृह समजून बोट खडकावर घातली. उतारूंपैकी कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. कप्तान मात्र आपल्या केबिनमध्ये गेला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ऐषारामाच्या सफरींची वर्णने वाचताना हा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या सहलीचा भार कोणाच्या तरी छातीवर असतो.

पुढे ‘लॅकोनिया’ने २१ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्क सोडून, पनामा आणि सुवेझ हे दोन्ही कालवे ओलांडीत, १३० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. बंदरे २२. भागाकार करून पाहा: एका बंदराच्या वाट्याला सहा दिवसही येत नाहीत आणि त्यांतले बरेचसे पाण्यावरच जातात. एडनहून मुंबई सुमारे १६५० सागरी मैल. ताशी सोळा मैलांच्या बोटीलाही चार दिवसांहून अधिक लागतात. बंदरांची नावे मोजणाऱ्याने मधले अंतर मोजले नाही, तर फसगत ठरलेली. तीच गोष्ट केबिनची. बोटीच्या मध्यावर आणि खालच्या बाजूला हेलकावे कमी लागतात, पण जुन्या बोटींत यंत्रांची धग तिथेच. हिंदुस्थानला जाताना डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू सावलीची. या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच ‘पॉश’ हा शब्द आला, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तसा शिक्का मारलेले एकही तिकीट मात्र आजवर हाती आलेले नाही. गोष्ट चांगली आहे, एवढेच.

आता पुन्हा ‘रोझेटा’कडे. ट्वेन त्या वेळी मौजेसाठी निघाला नव्हता. त्याचा प्रकाशनाचा धंदा १८९४ मध्ये बुडाला होता आणि व्याख्याने देत पृथ्वीभर फिरून तो कर्ज फेडीत होता. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये उतरून पहिले काही दिवस त्याने खोकत काढले. बरोबरची पत्नी ऑलिव्हिया ही त्याला मिळाली तीही ‘क्वेकर सिटी’मुळेच. त्या बोटीवरच्या लँगडन नावाच्या तरुण सहप्रवाशाने त्याला आपल्या बहिणीचे चित्र दाखविले होते. १८७० मध्ये त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले. १२५० डॉलरच्या भाड्यात हे बसते की नाही, याचा हिशेब कोणत्या पत्रकात करायचा?

व्याख्यानांचा दौरा संपवून तो इंग्लंडात पोचला. थोरली मुलगी सूझी अमेरिकेत मागे राहिली होती. ती आजारी पडल्याचे कळताच ऑलिव्हिया आणि मधली मुलगी क्लारा बोटीने निघाल्या. त्या भर समुद्रात असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, सूझी वारली. ती चोवीस वर्षांची होती. ट्वेन इंग्लंडात एकटाच होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, लंडनमध्ये, घरात दुःख असताना त्याने त्या पृथ्वीप्रदक्षिणेचे पुस्तक लिहिले. ते १८९७ मध्ये निघाले आणि पुढच्या वर्षापर्यंत कर्ज फिटले. लिहिता लिहिता ‘रोझेटा’चे पान आले, तेव्हा चारच्या चहाची ती लिंबाची फोड आणि तिची चिठ्ठी त्याने गाळली नाही.