राबाचा धूर : सुधागड परिसरातील भातशेती आणि हवेचे रसायन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पाली हे गाव अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. सरसगडाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या गावाच्या परिसरात शिमगा सरला की भातखाचरांच्या कडेने धुराच्या रेषा उठू लागतात. ही राबभाजणी होय. गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत या धुरावर दोन वेळा आरोप झाले. एकोणिसाव्या शतकात तो जंगलाचा शत्रू ठरला, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस हवेचा. दोन्ही वेळी शेतकऱ्याची बाजू ऐकली गेली ती उशिराच. प्रस्तुत लेखात या आरोपांचा इतिहास, त्यामागील रसायनशास्त्राच्या आधारे तपासला आहे.

राब : पद्धत आणि तिचे रसायन

कुलाबा जिल्ह्याच्या 1883 सालच्या गॅझेटिअरमध्ये राबाचे वर्णन आढळते. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर ऐन व इतर झाडांचे टहाळ, मग पालापाचोळा व गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर, अशी ही रचना असते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आग सरकत जावी अशा बेताने ती पेटविली जाते, म्हणजे राब भडकत नाही, धुमसत राहतो. मातीला धग लागावी हा त्यामागचा हेतू. भातजमिनीला जोडून असलेली वरकस जमीन नाचणी-वरीसाठी जशी उपयोगी, तशीच टहाळासाठीही होती. ही गोष्ट वनखात्याच्या दृष्टीतून बरेचदा निसटली.

पाला जाळण्याऐवजी कुजवून खत करावे, हे वरवर पाहता सरळ उत्तर दिसते. जळताना पाल्यातील नायट्रोजनचा बराच भाग वायुरूपाने निघून जातो आणि राखेत पोटॅश, चुना व स्फुरद एवढेच प्रामुख्याने उरते. तरीही राबावरील तरवा हिरवागार व जोमदार का येतो, हे कोडे रसायनशास्त्रज्ञांना पडले होते. 1909 साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीची सुपीकता वाढते असे दाखवून दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1912 साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातील राबपद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे मॅन यांचे नाव अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना माहीत झाले. मात्र त्यांचे हे राबावरील काम फारसे कोणी वाचत नाही. शेतकऱ्याची रीत अडाणीपणाची न मानता तीत काही कारण असले पाहिजे, अशा भूमिकेतून ती प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय या तिघांकडे जाते.

आजच्या ज्ञानानुसार या कोड्याची उकल अशी : धगीने मातीतील सेंद्रिय नायट्रोजनचा काही भाग अमोनियमच्या रूपात मोकळा होतो व तो रोपाला तत्काळ घेता येतो, तणाचे बी मरते, आणि राखेतील अल्क कोकणच्या आम्लधर्मी जमिनीला मानवते. म्हणजे पाल्यातील नायट्रोजन हवेत जातो, पण मातीतला जागा होतो. मातीसाठी उपकारक असलेले हे मंद धुमसणेच हवेसाठी मात्र अपायकारक ठरते. भडकत्या ज्वाळेत बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. धुमसत्या आगीत प्राणवायू अपुरा पडल्याने कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व सेंद्रिय सूक्ष्मकण यांचे प्रमाण वाढते. शेतकऱ्याने शतकानुशतके साधलेले कौशल्य आणि हवेची शुद्धता यांचा विरोध येथे मुळाशीच आहे. तो केवळ उपदेशाने मिटण्यासारखा नाही.

पहिला आरोप : जंगल

1878 च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्याच्या हक्कावर निर्बंध आले आणि मोठा असंतोष निर्माण झाला. त्याची परिणती 1885 साली मुंबई वन आयोगाच्या नेमणुकीत झाली. आयोगाचा अहवाल 1887 साली आला. राब हा या वादाचा एक प्रमुख विषय होता. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. पाली व सुधागड तालुका त्या काळी ब्रिटिश कुलाबा जिल्ह्यात नव्हता. तो भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाचा घाटाखालील भाग होता आणि 1948 मधील विलीनीकरणापर्यंत तसाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश अहवालांच्या आधारे पालीबद्दल थेट विधान करणे धोक्याचे आहे. शेतीची रीत मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होती.

त्या वादात धुराचा प्रश्न हवेचा प्रश्न म्हणून मांडला गेला नाही, हे स्वाभाविक होते. टिंडॉल यांनी 1859 साली कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे दाखविले होते, पण त्या वायूच्या वाढीने पृथ्वी किती तापेल याचे गणित अऱ्हेनियस यांनी मांडले ते 1896 साली. त्या वेळी हवेत हा वायू दशलक्ष भागांत सुमारे 290 भाग होता. आज तो 420 च्या पुढे गेला आहे. रायगड जिल्ह्याला शास्त्रीय निरीक्षणाची परंपरा नाही असे नव्हे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलविण्यात आली. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजले गेले. हवेचे रसायन तिच्या कक्षेत नव्हते.

दुसरा आरोप : तपकिरी ढग

1999 साली हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात जानेवारी ते मार्च या काळात दक्षिण आशियावर पसरणाऱ्या धूसर थराची मोजणी झाली. 2002 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यावरील अहवाल प्रसिद्ध केला आणि ‘आशियाई तपकिरी ढग’ हा शब्द रूढ झाला. भारतातून त्यावर आक्षेप घेतले गेले. वादाचा गाभा एकच होता : हा धूर चुलींचा व शेतांचा, की गाड्यांचा व कारखान्यांचा? पहिले उत्तर खरे ठरले तर दोष गरिबाच्या दारी जाणार होता.

या प्रश्नाचा निवाडा सह्याद्रीच्या माथ्यावर, पुण्याजवळील सिंहगडावर, काही अंशी झाला. तेथे व मालदीवमधील हनिमाधू बेटावर हिवाळ्यात गोळा केलेल्या सूक्ष्मकणांतील कार्बन-14 मोजण्यात आला. या समस्थानिकाचे अर्धायुष्य 5730 वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षांच्या कोळशात व तेलात तो शिल्लक नसतो. कालपरवाच्या झाडपाल्यात असतो. गुस्ताफसन व सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात काजळीसारख्या कणांचा सुमारे निम्मा ते दोन-तृतीयांश भाग जैविक इंधनाच्या ज्वलनातून आल्याचे आढळले. तथापि या निष्कर्षावरून राबाला दोषी धरणे घाईचे होईल. नमुने हिवाळ्यातील होते, तर राबभाजणीचा मुख्य काळ उन्हाळ्याचा आहे. शिवाय जैविक इंधनात घरोघरच्या चुलीचा वाटा मोठा असतो.

हवामानबदलाच्या हिशेबात आणखी एक भेद करावा लागतो. कवळतोड झालेला ऐन पुन्हा फुटतो व तोच कार्बन परत घेतो. काजळी सूर्यप्रकाश शोषून हवा तापविते हे खरे. पण ती काही दिवसांत पावसाने वा आपोआप खाली बसते. जमिनीखालून काढलेला कार्बन मात्र हवेत दीर्घकाळ राहतो.

अंबेच्या खोऱ्यातील दुसरा कार्बन

हा दुसरा कार्बन पालीच्या शेजारी आला तो 1974 साली मुंबई हायचा शोध लागल्यानंतर. समुद्रातील वायू उरणला उतरू लागला. त्यावर आधारित खतकारखाना अलिबागजवळ थळ येथे 1985 च्या सुमारास सुरू झाला, आणि 1990 च्या सुमारास अंबेच्याच काठी, पालीहून अवघ्या काही कोसांवर, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव 1981 साली बदलून रायगड झाले होते. त्याची हवा बदलली ती याच दशकात.

युरियाचे गोणपाट ज्या खाचरात पोहोचले, तेथे राबाची गरज कमी झाली असे मानले जाते. पण हा बदल धूर कमी करणारा असला तरी कार्बनमुक्त नाही. नैसर्गिक वायूतील मिथेनपासून हायड्रोजन व त्यापासून अमोनिया तयार होतो. सोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाशी जोडून युरिया बनतो. शेतात युरिया विघटित होताच तो वायू पुन्हा मोकळा होतो. 45 किलोच्या एका गोणीतून सुमारे 33 किलो. नायट्रोजनचा अल्प अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापविणारा आहे. त्याला ना वास, ना रंग. राबाचा धूर डोळ्यांत जातो म्हणून त्याचा वाद झाला. या वायूविरुद्ध कोणत्याही आयोगापुढे कोणी साक्ष दिली नाही.

पर्यायांचा शोध कोकणातच झाला आहे. चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात व गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात. त्यामुळे टहाळ जाळण्याची आवश्यकता उरत नाही. कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा तंत्रात तर रोपवाटिकाच नाही. गादीवाफ्यावर बी थेट टोकले जाते, चिखलणी व लावणी टळते, आणि खाचरात पाणी सतत साचून न राहिल्याने मिथेनही कमी सुटतो. मात्र राबाच्या धगीने आणि चिखलणीने आटोक्यात राहणाऱ्या तणासाठी या पद्धतीत तणनाशकाची फवारणी करावी लागते.