पक्षकार कोण?

अपंग मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकेतील इतिहास बहुधा १९७५च्या कायद्यापासून सांगितला जातो. आमच्या मते तो पालकांपासून सांगायला हवा. पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचे मानसिक वय न गाठलेल्या मुलाला शाळेत न घेण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. तेथील पालकांच्या संघटनेने राज्याविरुद्ध खटला गुदरला आणि १९७१मध्ये राज्याला तडजोड मान्य करावी लागली. चार वर्षांनी संमत झालेल्या संघराज्याच्या कायद्याने मुलाचा वैयक्तिक शिक्षण-आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत पालकांना जागा दिली. आराखडा अमान्य असल्यास निःपक्ष सुनावणी मागण्याचा अधिकारही दिला.

या जागेचे मोल किती, हे १९८२च्या रॉली खटल्यात दिसले. न्यूयॉर्क राज्यातील एका कर्णबधिर मुलीच्या आईवडिलांनी (तेही कर्णबधिर) तिच्यासाठी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला. शाळेने श्रवणयंत्र दिले, रोज तासभर स्वतंत्र शिकवणी दिली. दुभाषी दिला नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांत पालक जिंकले, सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी हरले. मुलगी वरच्या इयत्तेत जाते आहे, गुणही चांगले आहेत, म्हणजे तिला शिक्षणाचा लाभ मिळतो आहे. तेवढे पुरे, असा तो निवाडा. (ही मोजपट्टी वर सरकायला २०१७ उजाडावे लागले.) वर्गातले किती शब्द तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते, हा हिशेब गुणपत्रिकेत मावणारा नव्हता, रोज वर्गावर जाणाऱ्या आम्हांला हे लिहिताना अवघडल्यासारखे होते. पालकांचे वकील मायकेल चॅटॉफ स्वतः बहिरे होते. न्यायमूर्तींचे प्रश्न पडद्यावर वाचता यावेत, ही त्यांची सोय त्याच न्यायालयाने होऊ दिली होती! विशेष म्हणजे, याच निकालपत्राने पालकांच्या सहभागाला कायद्यात मोठे महत्त्व असल्याचे आवर्जून नोंदवले. बोलण्याचा हक्क पक्का झाला, मागितलेले मिळण्याचा नाही.

पण बोलायचे कोणाच्या नावाने? 'च्या वतीने' हे दोन शब्द आपण सहज वापरतो. ओहायोतील विंकलमन दांपत्याचे सारे प्रकरण त्यांवरच अडले. वकील परवडत नसल्याने स्वमग्न मुलासाठी ते स्वतःच न्यायालयात उभे राहिले, तेव्हा अपील न्यायालयाने त्यांना अडवले: हक्क मुलाचा, आणि तुम्ही वकील नाही. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की या कायद्याने पालकांनाही त्यांचे स्वतःचे हक्क दिले आहेत, आणि त्यांसाठी वकिलाविना दाद मागता येते. मुलाच्या वतीने त्यांनी युक्तिवाद करावा की नाही, या प्रश्नाला मात्र न्यायालयाने त्या दिवशी हात घातला नाही.