कोर्टाच्या गेटवर पिशवी तपासली, वस्तू ठेवून घेतली. पोलिसांना अधिकार किती?

तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाताना अनेक जण बाजाराची पिशवी सोबत नेतात. त्यात नवा विळा, खुरपं किंवा फवारणीच्या औषधाची बाटली असली की गेटवर अडवणूक होते. मग वाद होतो, तिकडे आत पुकारा होऊन जातो. म्हणून गेटवरचा नियम आधीच माहीत असलेला बरा.

तपासणी कशासाठी?
१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात सुनावणीसाठी आणलेल्या आरोपीची जमावाने कोर्टरूममध्येच हत्या केली. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलाच्या वेशात आलेल्यांनी गोळीबार केला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व न्यायालयांच्या सुरक्षेबाबत निर्देश दिले. त्यात सीसीटीव्ही, मेटल डिटेक्टर आणि सामान तपासणी यांचा समावेश आहे.

तपासणीला नाही म्हणता येतं का?
कोर्टाचं कामकाज सर्वसाधारणपणे सर्वांना खुलं असतं. पण पिशवी दाखवायला नकार दिला तर पोलीस आत सोडत नाहीत. महिलेची अंगझडती महिला पोलिसानेच, मर्यादा पाळून घ्यायची असते. महिला पोलीस जागेवर नसेल तर तिला बोलवायला सांगावं.

वस्तू ठेवून घेणं आणि जप्त करणं वेगळं
गोंधळ इथेच होतो. विळा, चाकू, अडकित्ता, लायटर अशी वस्तू गेटवर ठेवायला सांगितली तर ती जप्ती नव्हे. काम आटोपल्यावर ती परत मागून घ्यायची. ठेवताना टोकन किंवा पावती मागावी. तशी सोय नसेल तर वस्तू ओळखीच्या माणसाकडे बाहेर ठेवणं चांगलं.

जप्ती ही कायद्याची कारवाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार चोरीचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी वस्तू पोलीस जप्त करू शकतात. मात्र त्याचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवावा लागतो. 'जप्त केलं' असं सांगितलं तर कोणत्या कारणाने, कोणत्या पोलीस ठाण्याकडे, हे विचारावं आणि कागद मागावा.

जप्तीचा हा अधिकार पोलिसांचा आहे. गेटवर खासगी सुरक्षारक्षक असेल तर तो पिशवी बघेल, अडवेल, पोलिसांना बोलवेल. पण या कलमाखाली जप्ती करू शकत नाही.

मोबाईलचं काय?
मोबाईल बाहेर ठेवायचा की बंद करून आत न्यायचा, हे त्या त्या कोर्टाच्या सूचनेवर असतं. गेटवरचा फलक वाचावा. कोर्टरूममध्ये परवानगीशिवाय फोटो किंवा रेकॉर्डिंग करू नये. गेटवरची तपासणी हत्यार शोधण्यासाठी असते. फोनमधले मेसेज वाचणं हा तिचा भाग नाही.

वाद घातला तर?
पोलिसाच्या कामात अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अंगावर धावून गेल्यास कलम १३२ नुसार शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते. शिवाय तारीख हुकली तर वादीचा दिवाणी दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी कामकाज चालू शकतं आणि आरोपीवर वॉरंट निघू शकतं.

काय करावं?
- तारखेच्या दिवशी बाजार कोर्टाचं काम झाल्यावर करा.
- कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवा. आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र आणि तारखेचा कागद वर ठेवा.
- अर्धा तास आधी पोहोचा.
- अडवलं तर गेटवर न भांडता वकिलाला फोन करा.
- तक्रार असेल तर पोलिसाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून घ्या आणि जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या.

वस्तूची तक्रार नंतरही करता येते. हुकलेली तारीख मात्र सहज परत मिळत नाही.