डोक्यावरचा उजेड आणि रात्रीची शिकार

नेवाशाच्या परिसरातल्या शिकारीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात हत्यारांपासूनच होते, आणि तिला पुरावाही भक्कम आहे. प्रवरेकाठच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्यांतल्या मध्य पुराश्मयुगीन परंपरेला ह. धी. सांकलिया यांनी ‘नेवासियन’ हे नाव दिले. १९५४ ते १९५६ दरम्यान डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. ही वस्ती जोर्वे संस्कृतीची; त्याच संस्कृतीच्या इनामगाव इथल्या वस्तीत काळविटाची हाडेही मिळाली. दगडाचे पाते हजारो वर्षे मातीत टिकते, जळून गेलेला पलिता टिकत नाही. म्हणून या इतिहासात दिव्याला जागा मिळालेली नाही. माझे म्हणणे असे की रात्रीच्या शिकारीत पारडे फिरवले ते दिव्याने, आणि त्यातही दिवा हातातून कपाळावर गेला तेव्हा.

याचे कारण जनावराच्या डोळ्यात आहे. काळवीट, खोकड, बिबट्या यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तन करणारा थर असतो. त्यावर पडलेला उजेड आल्या वाटेनेच परत जातो. त्यामुळे ती चमक स्पष्ट दिसायची तर दिवा पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेतच हवा. मशाल अंगापासून लांब धरावी लागते, तेव्हा चमक दुसरीकडेच जाते. कंदिलाचा उजेड चारी बाजूंना फाकतो आणि आधी धरणाऱ्याचेच डोळे दिपवतो. शिवाय एक हात त्यात अडकला की बंदूक नीट पेलत नाही, बरोबर दुसरा माणूस घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार होऊ लागले आणि खाणकामगारांच्या टोपीवर कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डबीत खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू तोटीपाशी पेटतो आणि मागची चकचकीत वाटी तो उजेड पुढे फेकते. हात मोकळे झाले, नजर आणि उजेड एका रेषेत आले. पण हा दिवा फुसफुसतो, वास मारतो, वाऱ्याने फडफडतो. सावध जनावराला एवढी सूचना पुरते. ही उणीव सेलच्या बॅटरीने भरून काढली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी टिपला तो रायफलीवर बसवलेल्या बॅटरीच्या क्षणभराच्या झोतात. नेम धरायला तेवढा उजेड पुरला.

यावर आक्षेप येईल की नगरच्या माळावरची हरणे दिव्याने संपवली नाहीत. बंदुकीने, जीपने आणि कालव्याच्या पाण्याने संपवली. माळ नांगराखाली गेला आणि नेवासा तालुक्यात मुळा कालव्यामागोमाग ऊस वाढला, हे खरेच आहे, आणि राहण्याची जागाच गेली की कुठलाही कायदा अपुरा पडतो. तरीही अंधार हे जनावराचे शेवटचे आडोशाचे ठिकाण होते, तेही प्रखर झोताने काढून घेतले. दिवसा काळवीट दुरूनच माणूस हेरतो आणि उधळतो. रात्री झोत डोळ्यांवर पडला की पुष्कळदा तिथेच थबकतो. मोकळ्या माळावर त्याचा वेग हेच त्याचे संरक्षण, आणि झोत नेमका तोच निकामी करतो. दुसरा आक्षेप फासेपारध्यांचे नाव पुढे करतो. त्यांची परंपरागत कला फाशांची, पाखरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याची आणि माग काढण्याची. १८७१ च्या कायद्याने देशात अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी पारध्यांवरचा संशय सुटला नाही. झोत टाकून मोटारीतून फिरणाऱ्या शिकाऱ्याच्या कर्माचा हिशेब त्यांच्या माथी मारणे हा उघड अन्याय आहे.

कायदा करणाऱ्यांना उजेडाची ही ताकद कळली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, परवान्यावर शिकार अजून चालत असतानाच, कृत्रिम उजेडात आणि सूर्यास्तानंतर शिकारीला मनाई केली. सवलत होती ती मारलेल्या सावजावर परतणाऱ्या मांसाहारी जनावरापुरती, तीही खास परवानगीने. १९९१ च्या दुरुस्तीने करमणुकीच्या शिकारीचा परवानाच संपला. मग दिव्यावरच बंदी का नाही, असे कुणी विचारेल. तशी बंदी नेवाशाच्या शेतकऱ्यावर जुलूम ठरेल. रात्रपाळीची वीज आली की उसाला पाणी द्यायला तो कपाळाला पट्ट्याची बॅटरी बांधूनच निघतो; दोन्ही हात फावड्याला मोकळे लागतात, आणि सरीच्या टोकाला बिबट्याचे डोळे चमकले तर ते त्याला वेळेत दिसायलाच हवेत.