फ्लाय फिशिंग (ट्राउटची)

फ्लाय फिशिंग : पिसे, लोकर, केस आणि दोरा यांनी सजवलेल्या गळाला कीटकाचे रूप देऊन, म्हणजे ‘माशी’ बांधून, मासे धरण्याची पद्धत. सामन, ग्रेलिंग, महसीर अशा अनेक माशांसाठी ती वापरतात. पण तिची घडण झाली ती ट्राउटसाठी. ट्राउटला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. युरोप व पश्चिम आशियातला तपकिरी ट्राउट आणि उत्तर पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्यांतला इंद्रधनुषी ट्राउट हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. नुसते खाण्यासाठी मासे हवे असतील तर जाळे किंवा गांडूळ लावलेली गरी कितीतरी सोयीची. हा खेळ मुद्दाम अवघड ठेवलेला आहे, आणि तो किती अवघड ठेवायचा यावरच त्याच्या शौकिनांचे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालले आहे.

तंत्र : साध्या गरीला शिसे बांधलेले असते, ते भिरकावले की दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे माशीला जवळजवळ वजनच नसते, म्हणून वजन दोरीला दिलेले असते. काठी मागे नेली की दोरी डोक्यावरून मागच्या बाजूला उलगडत जाते. ती पुरती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग काठी पुढे आणायची. नवशिके घाई करतात ती नेमकी या थांबण्यात. दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा असतो आणि त्याच्या शेवटी माशी. पूर्वी दोरी घोड्याच्या केसांची असे, पुढे तेल किंवा चरबी चोळलेल्या रेशमाची आली. आता ती प्लास्टिकचा लेप दिलेली असते. काठ्या चिनी बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून करत. 1970 च्या दशकापासून कार्बन तंतूच्या काठ्या रूढ झाल्या.

फेक साधली म्हणजे मासा मिळालाच असे नाही. नदीचा मधला प्रवाह वेगाने जातो, काठाचा हळू. त्यांच्यात सापडलेली दोरी माशीला फरफटवते, आणि खरा कीटक असा कधी वाहत नाही हे ट्राउट ओळखतो. म्हणून जाणकार आधी काठावर बसून मासा काय खातो आहे ते पाहतात. ट्राउटच्या आहारात मेफ्लाय या कीटकाला मोठे स्थान आहे. त्याचे बाल्य पाण्याखाली जाते. मग तो पृष्ठभागावर येतो, पंख फुटून उडतो, आणि पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकतो. इतर कोणताही कीटक हे करत नाही. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही, समागम आणि अंडी एवढेच त्याचे काम. या प्रत्येक अवस्थेची वेगळी माशी बांधली जाते.

इतिहास : मॅसिडोनियात लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे धरत, असे इ.स. 200 च्या सुमारास ईलियन या लेखकाने नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या एका प्रबंधात बारा माश्यांची कृती दिली आहे. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ (1653) कीर्तीने सर्वांत मोठे, पण माशीविषयीचा भरीव भाग त्यात 1676 साली चार्ल्स कॉटनने घातला.

खरा वाद पेटला तो हॅम्पशरमधील टेस्ट आणि इचन या खडूच्या टेकड्यांतून झिरपणाऱ्या, काचेसारख्या नितळ नद्यांवर. फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 आणि 1889 च्या ग्रंथांत तरंगत्या, म्हणजे ‘कोरड्या’ माशीचे शास्त्र मांडले. त्याच्या अनुयायांनी त्याचा धर्मच केला: मासा वर आलेला दिसल्याशिवाय दोरी टाकायची नाही, आणि माशी बुडवायची तर मुळीच नाही. पेशाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये दाखवून दिले की ट्राउट बराचसा आहार पाण्याखालीच घेतो, तेव्हा कीटकाच्या बाल्यावस्थेची, म्हणजे निंफची नक्कल करण्यात गैर काही नाही. लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात 1938 साली यावर रीतसर वादसभा झाली. आज बाजू स्क्यूज यांचीच बरोबर वाटते. नंतर एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर याने तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या तारेने गुंडाळून एक निंफ केला. त्याला पाय ठेवलेच नाहीत, कारण पोहताना हा कीटक पाय अंगाशी घट्ट धरतो हे त्याने पाहिले होते. तो निंफ जगभर चालतो.

पिसांचा शौक : माशी बांधणे हा स्वतंत्र नाद आहे, आणि असे कित्येक बांधणारे नदीवर फिरकतही नाहीत. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मीनाकारीसारखे पिवळसर ठिपके असलेले पीस सामनच्या जुन्या माश्यांत अत्यावश्यक मानले जाई. त्यासाठी भारतातून त्याची कातडी मोठ्या प्रमाणावर ब्रिटनला जात. आता या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे. या नादाचे टोक 2009 मध्ये दिसले: इंग्लंडमध्ये ट्रिंग येथील संग्रहालयातून सामन-माश्या बांधणाऱ्या एका तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेली होती.

मंडळी आणि नद्या : टेस्टवरचा हाउटन क्लब 1822 पासूनचा, आणि त्यात शिरकाव मिळणे आजही दुरापास्त. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. मिशिगनमधील ओ सेबल नदीच्या काठी 1959 मध्ये स्थापन झालेली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संघटना नद्यांच्या संवर्धनाचे काम करते. मासा एकदाच धरून संपवू नये हा विचार ली वुल्फने 1939 मध्ये मांडला. आता बिनकाट्याचा गळ वापरून, हात ओले करून, मासा सोडून देणे हा शिष्टाचार झाला आहे. स्वित्झर्लंडच्या कायद्याला मात्र हे पटत नाही: सोडून देण्यासाठीच मासा धरणे तिथे क्रूरतेत मोडते.

याच शौकिनांनी ट्राउट जगभर पोचवला. 1864 मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून शेवाळात ठेवून, बर्फाखाली गारठवून अंडी टास्मानियाला नेली. तिथे वाढलेल्या ट्राउटची अंडी 1867 मध्ये न्यूझीलंडला गेली. तिथे आज ट्राउट विकणे बेकायदा आहे. खायचा तर स्वतः धरायचा. या पाहुण्याने मूळच्या गॅलॅक्सिड माशांची मात्र दुर्दशा केली. सर्वांत घातक अशा 100 परक्या आक्रमक जातींच्या जागतिक यादीत तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट आहेत. नद्यांचे सर्वांत बोलके कैवारी आणि त्यांतल्या स्थानिक माशांचे नुकसान करणारे हे बऱ्याचदा एकच लोक, ही गोष्ट या छंदाच्या गौरवग्रंथांत क्वचितच येते.

भारतात : काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउट 1900 च्या सुमारास ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून रुजला. हिमाचलात कुल्लूच्या बियास खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरीतही तो प्रयोग झाला. महाराष्ट्राच्या नद्या त्याच्यासाठी फार उबदार. काश्मीरच्या लिद्दर, ब्रिंगी यांसारख्या प्रवाहांवर मत्स्य विभाग नदीचे ठरावीक टप्पे नेमून परवान्यावर गळ टाकू देतो.