आदिवासी आरोग्य आणि परिसर : वावर-वांगणी ते नवसंजीवन योजना – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आरोग्याचा इतिहास हा बहुधा दवाखाने, लसी आणि साथी यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दुर्गम आदिवासी पाड्यांच्या बाबतीत मात्र ही मांडणी अपुरी ठरते. तेथे पाणी, चूल, घर, धान्य व रोजगार यांचा विचार केल्याशिवाय आजाराचे कारण उलगडत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका घटनेच्या आधारे हा संबंध तपासला आहे.

घटना व तिची पार्श्वभूमी :
१९९२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे झालेल्या आदिवासी बालकांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. (२०१४ पासून हा तालुका पालघर जिल्ह्यात आहे.) पाठोपाठ मेळघाटातील बालमृत्यूही चर्चेत आले. मृत्यूच्या नोंदीत अतिसार, न्यूमोनिया, गोवर अशी कारणे येतात. परंतु ती अखेरची कारणे होत. जव्हार परिसरात पाऊस विपुल पडतो. तथापि बेसॉल्ट खडक व तीव्र उतार यांमुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात झरे आटतात. उरलेले पाणी सहज दूषित होते. दूषित पाण्याने अतिसार होतो, अतिसाराने मूल अशक्त होते आणि अशक्त मूल पुढच्या आजाराला बळी पडते. त्यात पावसाळ्यातील धान्यटंचाई, घरातील चुलीचा धूर आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर यांची भर पडते. केवळ औषधाने ही साखळी तुटत नाही.

नवसंजीवन योजना :
शासनाने १९९५ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. आरोग्यसेवा, पोषण, शुद्ध पेयजल, धान्यपुरवठा व रोजगार या स्वतंत्र विभागांच्या कामांना तिने जिल्हाधिकाऱ्यांच्या समन्वयाखाली एकत्र आणले. पावसाळ्यापूर्वी जलस्रोतांचे शुद्धीकरण, धान्यकोष, मातृत्व अनुदान, पाडा स्वयंसेवक ही तिची अंगे होत. विहिरीची स्वच्छता आणि बालकाची तपासणी एकाच आराखड्यात आली, हे या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र योजना एक असली तरी निधी व कर्मचारी वेगवेगळ्या विभागांचेच राहिले. शिवाय स्थलांतरित कुटुंब पाडा सोडताच पाड्यावर आधारलेल्या यंत्रणेच्या नजरेआड होते.

तुलनात्मक दृष्टी :
ऑस्ट्रेलियातील अनंगू आदिवासींच्या आरोग्यसंस्थेने १९८७ मधील अहवालात हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला. घरातील नळ, न्हाणीघर व सांडपाण्याची व्यवस्था चालू असल्याशिवाय मुलांचे संसर्ग कमी होणार नाहीत, म्हणून आधी घरांची दुरुस्ती करावी, असा त्याचा आशय होता. तेथे दुरुस्ती हाच आरोग्याचा उपचार मानला गेला.

समारोप :
वावर-वांगणीचा धडा केवळ जव्हारपुरता नाही. पिशोर ज्या कन्नड तालुक्यात आहे, तेथील डोंगराळ भागातही भिल्लांच्या वस्त्या आहेत. परंतु हा तालुका घोषित अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पाणी दूषित होताना किंवा धान्य संपताना अशी सीमा पाळली जात नाही. आदिवासी आरोग्याचे नियोजन क्षेत्राच्या नकाशावरून करावयाचे की वस्तीच्या पाणवठ्यापासून, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने १९९२ मध्येच दिले आहे. त्याची किंमत मात्र बालकांनी मोजली.